रेवडीच्या गळ्यातला धागा

जबाब देणार: धर्मपाल शामराव गजभिये, वय ७३ वर्षे, धंदा सेवानिवृत्त (पूर्वी सिलतऱ्यात एका लोखंड कारखान्याच्या वजनकाट्यावर), राहणार मौजे परसाडीह, जिल्हा रायपूर.

मी ठाण्यात समक्ष हजर होऊन लिहून देतो की, लहानपणी भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत तिसरीचा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरायचे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ठाण्यातले लिखापढी करणारे मुन्शीजी म्हणाले, "बाबूजी, घटना लिखिए." हीसुद्धा घटनेतलीच गोष्ट आहे. माझी मयत पत्नी माया आमच्या कुत्रीला त्याच चालीवर हाक मारायची आणि कुत्री दुसऱ्या कोणत्याही हाकेला येत नाही. कुत्रीचे नाव रेवडी, रंग तांबूस, वय चार वर्षे. मराठीत लिहिण्याची परवानगी मिळाली आहे, हिंदी नक्कल मला विचारून मुन्शीजी करतील.

मंगळवारी गावच्या शाळेत पाळीव कुत्र्यांच्या मोफत नसबंदीचे शिबिर होते. शेजारच्या कोसमभाठ्याचे कुत्रेही गाडीने आणले होते. मी रेवडीला नऊ वाजता नेले. नोंद घेणाऱ्या साक्षीताईंनी सगळ्यांना बजावले की कुत्र्याच्या गळ्यात काही ठेवू नका. त्या म्हणाल्या, ज्याचे ऑपरेशन झाले त्याला आम्ही पांढरा धागा बांधतो, म्हणजे तो पुन्हा टेबलावर जात नाही. मी पट्टा काढला. रेवडीच्या केसांत परित्राण पाठाचा पांढरा धागा होता. मायाच्या आजारपणात घरी पाठ ठेवला होता. भंतेजींनी सर्वांच्या मनगटाला धागा बांधला, उरलेला मायाने रेवडीला बांधला. माझ्या मनगटावरचा केव्हाच तुटला. रेवडीचा मी काढला नाही.

घरी नळ आला होता म्हणून मी पाणी भरायला गेलो. बारा वाजता परत आलो तर कोसमभाठ्याची गाडी निघून गेलेली. ओसरीवर एक तांबूस कुत्री गुंगीत पडली होती, पोटाला टाके. साक्षीताई म्हणाल्या, "अंकलजी, यही है आपकी." मी म्हणालो, "पोरी, मले माझी कुत्री समजत नाही काय?" त्या म्हणाल्या, गुंगीत सगळ्या अशाच दिसतात. तिला तिथे टाकून येणे बरे वाटले नाही, म्हणून घरी नेली.

त्याच दुपारी मी या ठाण्यात तक्रार दिली की शिबिरवाल्यांनी माझी कुत्री चोरली. त्यावरून साक्षीताईंना दोन वेळा इथे बसवून ठेवले आणि पुढच्या गावचे शिबिर थांबले. धाग्याचे मी तेव्हा सांगितले नव्हते. आज सांगतो. गळ्यातला धागा पाहून रेवडीला, ऑपरेशन न होताच, झालेल्यांत धरले असणार आणि कोसमभाठ्याची तांबूस कुत्री समजून तिकडच्या गाडीत चढवले असणार. चोरी झालेली नाही. चूक माझी आहे.

बुधवारी आणि गुरुवारी मी कोसमभाठ्यात पाऱ्यापाऱ्यातून, म्हणजे आळीआळीतून, ती कविता मोठ्याने म्हणत फिरलो. पोट्टे मागे लागले. एका दुकानदाराला वाटले मी फेरीवाला आहे, त्याने विचारले, "बबा, का बेचत हस?" रेवडी आली नाही. घरातली पाहुणी दूधभात खाते, पण दाराकडे तोंड करून बसते. मी दिवसातून किती वेळा फाटकापर्यंत जाऊन येतो ते लिहिण्यासारखे नाही.

एवढे लिहून झाले तेव्हा, म्हणजे आज सव्वाअकरा वाजता, ठाण्याच्या दारात एक अनोळखी बाई दोरीला तांबूस कुत्री घेऊन उभी राहिली. नाव सुकवारोबाई, राहणार कोसमभाठा. ऑपरेशन झालेली कुत्री आठवडाभर बाहेर सोडू नका असे सांगितले होते, म्हणून तिने ती गोठ्यात बांधून ठेवली होती. तिला तक्रार द्यायची आहे. ती मुन्शीजींना म्हणाली, "ये हमर कुकुर नोहे, साहब. एकर पेट मा टांका नइ हे. हमर वाली ला कोन ले गे?" म्हणजे ही तिची नव्हे, हिच्या पोटाला टाके नाहीत, तिची कोणी नेली.

मी उठलो. बाईने दोरी हाताला गुंडाळली आणि म्हणाली, आधी माझी दाखवा, मग ही न्या. तिचे म्हणणे रास्त आहे.

मुन्शीजींना मराठी वाचता येत नाही, म्हणून हा जबाब मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मधल्या एकदोन ओळी वाचायच्या सुटल्या असतील, कारण डोळे दाराकडे होते. सही करून मी बाईची कुत्री आणायला घरी जात आहे.

(सही) ध. शा. गजभिये