वारं नाही, फटका

नाही, ते कापड राहू द्या बाजूले, मावशी. मौद्याहून इतक्या दूर, नागपुरात, इंदोऱ्यात, एक ब्लाऊज शिवाले कोनी येते काय? सीताबर्डीत गल्लीभर टेलर बसले हायेत. अन् आल्यापासून तुमी ही हाताची मशीन नाही, माह्ये पाय पाहून राहिल्या. पाहा ना, पाहा! — पोरीचं जमवून राहिल्या ना? देवरावाशी? वाटलंच मले. त्याची-माही सोडचिठ्ठी झाली तवापासून वाटे, कोनीतरी येईनच चौकशीले.

मी काही सांगनार नाही. त्या मानसाचं नाव घेतलं का तोंडात कडू पानी येते. — काय म्हनते त्याची माय? “सुनेच्या आंगावरून वारं गेलं,” हेच ना? माही सासू, बायजाबाई, दवाखान्यातबी डॉक्टरले तेच सांगे — ओल्या आंगानं आंगनात बसली, वारं लागलं. अन् डॉक्टर लोक आपसात एकच शब्द बोलत — पॅराप्लेजिया, पॅराप्लेजिया. मी इचारलं, साहेब, हे काय होय? वारं होय काय? तो म्हने, वारं-बिरं नाही पुष्पलताबाई, कमरेखालचं सारं आंग जाते ना, त्याले म्हनतात. शब्द जुन्या ग्रीक लोकायचा. प्लेगे म्हंजे फटका, मार. पॅरा म्हंजे बाजूले. पहिले एका बाजूचं आंग गेलं का ते असं म्हनत, मंग पुढं खालच्या आंगाले ते नाव पडलं. — मी तं हासालेच लागली, मावशी! आपल्यात काय म्हनतात? वायू. वारं. म्हंजे कोनाचा हात नाही, कोनाचा पाय नाही, आलं अन् गेलं. अन् ते परके लोक, कोन कुठचे, बराबर सांगून गेले — मार! बायजाबाईचं तोंड असं उतरलं का इचारू नका.

काय? कोनाचा मार? — जाऊ द्या. नाही म्हनलं ना मी —

खापरखेड्याच्या क्वार्टरचा जिना होता. मी खालून पान्याची गुंडी घेऊन चढून राहिली होती. तो वरच्या पायरीवर, बूट घालून, ड्यूटीवर निघालेला. “उशीर काहून केला?” एवढंच म्हनलं अन् छातीत लाथ हानली. मी उताणी पडली, पाठ पायरीच्या धारेवर. पाय हायेत, पन माह्ये नाहीत, असं झालं. अन् तो? माह्या आंगावरून पाय टाकून ड्यूटीवर गेला. बूट ओला होऊ नये म्हून जपून, हो!

मंग सासूनं मले दवाखान्यात नाही नेलं, भगत आनला. दोनी घरं छप्पनातच बुद्धाले शरन गेलेली — माहा बाप भगताले दारात उभं करत नसे — अन् ह्या वारं काढून राहिल्या! सळई तापवून पिंढऱ्यायले डाग देल्ले. मले काय समजते? मी पडल्या पडल्या म्हनलं, आत्याबाई, चुलीवर भाकर करपून राहिली जी, पाहा. — भाकर नव्हती, मावशी. मीच होती. अन् देवराव दारात, नाकाले रुमाल लावून. माह्या वासाची त्याले घिन आली. त्याले! थू!

बाप भेटाले आला, त्यानंच दवाखान्यात नेलं. त्याले मी सांगतलं, चक्कर येऊन पडली. लहान बहीन लग्नाची होती ना — भांडन झालं असतं, नाव झालं असतं. लाथेचं आजपर्यंत मायलेबी माहीत नाही. तुमाले काहून सांगून बसली, कोन जाने.

काय म्हनल्या? — नाही, नाही, पुन्हा म्हना. “आता निवला असन त्याचा राग”? रविवारी साखरपुडा, नोकरी पक्की, पाव्हने सांगून झाले — अन् पोरगी शामला म्हनता, तिले तुमीच जन्म देल्ला ना? मले वाटे, बायजाबाईवानी बाई एकच असन. नका लावू तो पदर डोयाले.

तुमी तिले सांगा नाहीतं नका सांगू. आज बाप घरी आला का सारं सांगतो त्याले, अन् उद्या सकाळच्या बसनं मौद्याले धाडतो — तुमच्यापाशी नाही, शामलापाशी.

उठा. अन् जाता जाता दार ओढून घेजा — मले उठता येत नाही.