सव्वा मिलीमीटर

(दुपार. लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. पुढे काउंटरवर थोरली बहीण, मागच्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून धाकटी. भिंतीवर खिळ्यांना टांगलेली लॅपटॉपची तुटकी झाकणं, सगळी एकाच मॉडेलची, प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. काउंटरसमोर गिऱ्हाईक म्हणून आलेले एक साहेब.)

थोरली : 'पडला' असं लिहून नाही चालायचं, साहेब. पडला असता तर कुठेतरी चेपला असता. हा आरशासारखा चकचकीत आहे आणि मान तेवढी मोडलीय.

साहेब : कसा तुटला याच्याशी तुम्हाला काय करायचंय? तुम्ही दुरुस्त करा. उद्या सकाळी दहाच्या आत मला हवाय.

थोरली : दुकानाची रीत आहे. वस्तू कशी तुटली ते गिऱ्हाइकानं आपल्या हातानं चिठ्ठीवर लिहायचं. आणि खरं लिहायचं. त्याशिवाय मागच्या टेबलावर काही जात नाही. ही घ्या दुसरी चिठ्ठी.

साहेब : कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येसुद्धा असलं काही विचारत नाहीत.

थोरली : मग तिथेच जायचं होतंत.

साहेब : गेलो होतो. ते म्हणाले मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाहीत. आणखी तीन दुकानं फिरलो. तिघांनीही तुमचाच पत्ता दिला. या मॉडेलची बिजागरी मोडली असेल तर तिथेच जा म्हणाले.

थोरली : या मॉडेलचं दुसरं काही मोडतच नाही. भिंतीकडे बघा की जरा.

साहेब : ही सगळी... हीच आहेत?

थोरली : सगळी. दीडशेच्या पुढे मी मोजायचं सोडून दिलं. खालच्या चिठ्ठ्या वाचा, तुम्हाला लिहायला सोपं जाईल.

साहेब : 'कोपऱ्यातून उघडला.' 'कडेवर बाळ होतं, एका हातानं कोपऱ्यातून उघडला.' 'कोपऱ्यातून.' 'घाईत होतो, कोपरा धरून उघडला.' हं. लोकांना वस्तू वापरायची शिस्तच नसते.

धाकटी : तुमच्या दुसऱ्या हातात काय होतं, सर?

साहेब : काय? कोण... तुम्ही? तुम्ही इथे काय करताय?

धाकटी : बिजागऱ्या बसवते. आठ वर्षं झाली. थांबा, भिंग काढते. हो, तुम्हीच आहात.

थोरली : कोण गं हे?

धाकटी : ताई, हे मिलीमीटर.

थोरली : हे होय? बसा ना साहेब, उभे का? तुमच्या नावानं आमच्या घरात इतकी वर्षं बोटं मोडतोय आम्ही. तोंड आज बघायला मिळालं.

साहेब : मिलीमीटर?

धाकटी : ऑफिसात सगळे म्हणायचे तुम्हाला. तुमच्या पाठीमागे. दर मीटिंगला तुम्ही एक मिलीमीटर कमी करून मागायचात ना, म्हणून.

साहेब : हे बघा, दुकान तुमचं आहे हे मला माहीत नव्हतं. नाहीतर मी...

धाकटी : आला नसतात. म्हणूनच पाटीवर नाव लावलं नाही. मला ठाऊक होतं, एक ना एक दिवस तुम्ही येणार. इतकी तुटताहेत, तर तुमचा का नाही तुटणार? रोज सकाळी शटर उघडताना माझ्या मनात यायचं, आज येईल का.

साहेब : झालं गेलं ते जुनं आहे.

थोरली : तुमच्यासाठी जुनं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हिच्या हातात कागद दिलात, 'बिजागरीच्या रचनेत दोष', त्यावर सही करायला लावलीत आणि घरी पाठवलंत. तुम्हाला मात्र बक्षीस. बक्षिसाच्या फोटोत म्हणे तो लॅपटॉप असा एका बोटावर तोलून धरला होता तुम्ही.

साहेब : तो निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता.

धाकटी : पट्टी काढायचा निर्णय तुमच्या एकट्याचा होता. माझ्या रचनेत बिजागरीखाली पोलादाची पट्टी होती आणि चार स्क्रू. तुम्ही पट्टी काढलीत, स्क्रू काढलेत आणि म्हणालात, झाकणाला नुसतं ग्लूनं चिकटवा. का, तर सव्वा मिलीमीटर जाडी कमी होते.

साहेब : तुम्हाला सव्वा मिलीमीटर म्हणजे काहीच वाटत नाही. माणूस दुकानात येतो, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वस्तू उचलून बघतो. त्या क्षणी जी हातात सुंदर वाटते तीच घरी जाते. दुसरी कितीही मजबूत असो, ती काचेमागेच राहते. न विकलेल्या वस्तूची मजबुती कोणाच्या उपयोगाची? मला कडेची ती रेषा कुठेही न तुटणारी हवी होती. आणि लोकांनी घेतलाच ना तो? रांगा लावून घेतला.

धाकटी : घेतला. तेवढं खरं आहे, मी नाकारत नाही. मलाही तो सुंदर वाटला होता. पण सर, माणूस वस्तू दुकानात एकदाच उचलतो. घरी ती रोज दहा वेळा उघडतो. तुम्ही त्या एका वेळेसाठी बनवलात.

थोरली : नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

साहेब : चाचणीत पास झाला होता तो. वीस हजार वेळा उघडमीट.

धाकटी : यंत्रानं केलेली. यंत्र झाकण मधोमध धरतं, सरळ वर उचलतं. माणसाच्या एका हातात काहीतरी असतंच. मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही ऐकेनात, म्हणून खिडकीपाशी स्टूल घेऊन तीन दिवस मी स्वतः बसले. कोपऱ्यातून उघडायचं, मिटायचं, वहीत रेघ मारायची. दोन हजार तीनशे चौदाव्या वेळी मोडलं. ती वही मी तुमच्या टेबलावर ठेवली. काय म्हणालात, आठवतं?

साहेब : नाही आठवत.

धाकटी : 'तुमचा हात जड आहे.' सगळ्यांसमोर म्हणालात. सगळे हसले.

थोरली : आणि त्यानंतर वर्षभर ही घरात कपसुद्धा दोन्ही हातांनी उचलायची. मी म्हणायची, अगं काय झालंय तुला? तर म्हणायची, माझा हात जड आहे, ताई.

साहेब : मी सहज बोललो असेन.

धाकटी : तुमचं सहज होतं. लिहा आता चिठ्ठी.

साहेब : मी दुसरीकडे जाऊ शकतो.

थोरली : जा की. तीन दुकानं झालीच आहेत, चौथं बघा. आणि तेही इथेच पाठवतील.

साहेब : ...द्या ते पेन. हं. हे घ्या.

धाकटी : मोठ्यानं वाचा.

साहेब : कशाला?

धाकटी : मला ऐकायचंय.

साहेब : 'उजव्या हातात फोन होता. डाव्या हातानं कोपऱ्यातून उघडला.'

धाकटी : सही केलीत? बरं. ताई, आण तो इकडे. अरे, हा तर एक नंबरचा पीस. झाकणाच्या आत आकडा कोरलाय.

साहेब : म्हणून तर दुसरं झाकण चालणार नाही. उद्या मॉडेलला दहा वर्षं होताहेत. मोठा कार्यक्रम आहे, हा पहिला पीस मंचावर मधोमध, वरून दिवे. मी काल पुसायला घेतला आणि तेवढ्यात फोन आला.

धाकटी : दोन रस्ते आहेत. पहिला माझा. पट्टी घालते, चार स्क्रू मारते. झाकण मागून सव्वा मिलीमीटर वर येईल, स्क्रूची डोकी दिसतील. पण मग तो तुमच्या नातवंडांपर्यंत मोडायचा नाही. दुसरा तुमचा. ग्लू लावते, होता तसा दिसेल. मधून उघडलात तर टिकेल. कोपऱ्यातून उघडलात तर पहिल्याच वेळी जाईल, कारण आतलं प्लास्टिक आधीच चिरलंय. हे मी आत्ता, तुमच्या तोंडावर सांगतेय.

साहेब : स्क्रू? त्या दिव्यांखाली? चार डोकी? छे. ग्लूच लावा.

धाकटी : उद्या उघडणार कोण? तुम्ही?

साहेब : मीच उघडणार होतो, पण वरच्यांना काहीतरी भावनिक हवंय. फोनवरूनच एक जुनी ग्राहक शोधून काढलीय, त्याच उघडणार. निवृत्त शिक्षिका. सुरुवातीच्या पिसांपैकी एक त्यांच्याकडे आहे. नऊ-दहा वर्षं रोज वापरतात, अजून बिजागरी ठणठणीत. चालताबोलता पुरावाच म्हणा ना. म्हणून म्हणतो, दोष वस्तूत नसतो, वापरणाऱ्यात असतो.

थोरली : शिक्षिका? काठी टेकत चालतात त्या?

साहेब : तुम्ही ओळखता?

धाकटी : या रस्त्यानं जातात. सर, एक विचारू? उद्या तुमचं भाषण आहे?

साहेब : आहे. दहा मिनिटं.

धाकटी : त्यात एक वाक्य माझं घाला. माफी नकोय, नोकरी नकोय. एवढंच म्हणा, की पहिली बिजागरी जिनं केली होती तिची बरोबर होती, पट्टी आम्ही काढली. नाव घेऊन म्हणा. त्या हॉलमध्ये त्या दिवशी हसलेले सगळे बसलेले असतील.

साहेब : अहो, असं कसं... आनंदाचा कार्यक्रम आहे तो. अशा ठिकाणी जुनी उणीदुणी कोण काढतं? आणि खरं सांगू, तुमचं नाव आता तिथे कोणाला आठवायचंसुद्धा नाही. मलाही मघाशी एकदम आठवलं नव्हतं.

धाकटी : नाही आठवलं?

साहेब : चेहरा आठवला. वाईट वाटून घेऊ नका.

धाकटी : नाही घेत. बरं.

थोरली : साहेब, एक सांगते. त्या बाई आहेत ना, त्यांचा...

धाकटी : ताई, ग्लूची नळी आण.

थोरली : अगं, पण...

धाकटी : आतल्या कपाटात, वरच्या फळीवर. आण.

साहेब : काय म्हणत होत्या त्या?

धाकटी : म्हणत होती, बाई फार चांगल्या आहेत. तुम्ही हे झाकण असं धरा, हलू देऊ नका. हात हलका ठेवा.

साहेब : असं?

धाकटी : असंच. ताई, दे नळी. आता वीस मिनिटं बोलू नका.

थोरली : वीस मिनिटं याच माणसासमोर गप्प बसायचं म्हणजे मला शिक्षाच आहे.

धाकटी : (वीस मिनिटांनी) झालं. सोडा हात. उद्या सकाळपर्यंत मिटूनच ठेवा. घ्या, बघा.

साहेब : वा. कुठेही रेघ नाही. जोड दिसतसुद्धा नाही. तुमच्या हातात कला आहे, हे मी तेव्हाही म्हणायचो.

धाकटी : नाही म्हणायचात. आणि या चिठ्ठीवर मागे लिहा, 'पट्टी आणि स्क्रू मला नको होते.' खाली सही.

साहेब : हेसुद्धा?

थोरली : हेसुद्धा. रीत म्हणजे रीत.

साहेब : हे घ्या. येतो. आणि मनात काही ठेवू नका.

धाकटी : आता काही नाही ठेवलेलं.

थोरली : गेला बाई. गाडीत बसला. आता बोलू का मी?

धाकटी : बोल.

थोरली : बाईंच्या लॅपटॉपला पट्टी तू घातलीस. चार स्क्रू मारलेस. गेल्याच आठवड्यात इथे येऊन आमंत्रण दाखवून गेल्या, आणि म्हणाल्या, तुझ्यामुळे मान मिळतोय गं मला. त्याचा चालताबोलता पुरावा म्हणे.

धाकटी : हो.

थोरली : आणि त्या एका हातात काठी धरतात. उघडतात कुठून, तर कोपऱ्यातून. खसकन.

धाकटी : पट्टी असल्यावर कसाही उघडता येतो. मीच सांगितलं होतं त्यांना, बाई, जपू नका.

थोरली : तो मंचावर सांगेल की त्यांना, मधून उघडा म्हणून.

धाकटी : सगळ्यांसमोर? कोपऱ्यातून उघडू नका म्हणायचं, म्हणजे या भिंतीवरच्या चिठ्ठ्याच वाचून दाखवायच्या. आणि कानात सांगितलं तरी आठ वर्षांची सवय एका वाक्यानं जाते का?

थोरली : तुला सांगायचं होतं त्याला. मी बघत होते. ओठावर आलं होतं तुझ्या.

धाकटी : आलं होतं. त्यानं ते एक वाक्य बोलायचं कबूल केलं असतं, तर सांगितलं असतं. फुकट पट्टी घालून, स्क्रूची डोकी घासून, रंग लावून दिली असती. तो म्हणाला माझं नाव आठवत नाही.

थोरली : वाईट वाटतंय का आता?

धाकटी : शोधतेय कधीची. सापडत नाहीये. बरं वाटतंय, ताई. खूप बरं वाटतंय. त्याच्या मनासारखंच करून दिलं मी, रेषासुद्धा हलवली नाही.

थोरली : बाईंना मात्र मेल्यासारखं होईल गं. एवढ्या लोकांत त्यांच्या हातून मोडायचं.

धाकटी : त्यांना मी संध्याकाळी फोन करते. सांगते, तुमचा लॅपटॉप पिशवीत घेऊन जा. मोडलं काही, तर तो काढून तिथेच शेजारी ठेवा. आणि कोणी विचारलं, हे स्क्रू कोणी मारले, तर माझं नाव सांगा.

थोरली : मोडल्यावर तो काय म्हणेल गं?

धाकटी : म्हणेल, बाईंचा हात जड आहे.

थोरली : ही चिठ्ठी कुठे ठेवू त्याची?

धाकटी : दाराजवळ खिळा ठोक, येणाऱ्याला वाचता येईल असा. चिठ्ठी आज लाव. झाकण परवा येईल.