सोमलाबापूंचं फौजेचं पुस्तक

बंधूंनो, मायबहिणींनो, सरपंचताई, आणि ऑफिसातून आलेले साहेब,

उशीर झाला, माफ करा. सभा दहाची होती आणि तुम्ही तासभर माझ्यासाठी बसून राहिलात. मी सकाळी दिग्रसला गेलो होतो. नोटरी उशिरा आले, मग त्यांचा शिक्का सापडेना, मग एसटी भरून निघून गेली. कशाला गेलो होतो ते सांगतोच. पण हा तासाभराचा उशीर काहीच नाही. माझा खरा उशीर चार वर्षांचा आहे, आणि त्याची माफी ज्यांच्याजवळ मागायची ते फोटोत जाऊन बसले.

मी सातवी नापास माणूस. मला भाषण येत नाही. कागदावर लिहून आणलं होतं, ते घामानं ओलं झालं. तेव्हा पुढचं मागं, मागचं पुढं होईल. ऐकून घ्या.

सोमलाबापू कोण होते हे तांड्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. पोरांना माहीत नाही. पोरांना वाटतं, हा म्हातारा शंभरीला आला, बाजेवर बसून खोकत होता, गेला. पोरांनो, हा माणूस मोठ्या लढाईत होता. दुसऱ्या महायुद्धात. तिकडं ब्रह्मदेशाच्या जंगलात. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं तेव्हा दिग्रसच्या बाजारात फौजेचा भरतीवाला आला. त्यानं विचारलं, "जनावर हाकता येतं का?" बापू म्हणाले, "साहेब, आमच्या बापजाद्यांनी दुसरं केलं काय?" झालं, भरती. बंदूकवाले पुढं, आणि त्यांच्या मागं ह्यांची खेचरं. गोळ्या, दाणापाणी, औषधं वर न्यायची, आणि येताना जखमी माणसं खाली आणायची. बापू सांगायचे, त्या खेचरांचे आवाज आधीच दवाखान्यात कापून टाकलेले. ओरडलं तर दुश्मनाला कळेल म्हणून. "तोंड उघडे, मान ताणे, आन् आवाजच नाही. ते पाहून मले रातच्याला जेवण जात नोहोतं," असं म्हणायचे.

असा माणूस परत आला. अंगावर फौजेचा कोट, खिशात फौजेचं पुस्तक. त्यात नाव, बापाचं नाव, गाव, किती दिवस नोकरी केली, चालचलन कसं, सगळं लिहिलेलं. वर साहेबाची सही.

ते पुस्तक कुठं गेलं?

चार वर्षं यवतमाळचं माजी सैनिकांचं ऑफिस हेच विचारत होतं. सोमलाबापूंनी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. आज सांगतो. राजू, पोरा, खालून खुणा करू नकोस. तुझा आजा होता तसा माझा बाप होता. बोलू दे मला.

माझे वडील, दौलतदादा. शाळेच्या फाटकावर ज्यांचं नाव आहे ते. तुरुंगात गेलेले, घरात सरकारचा ताम्रपट लागलेला. बापू लढाईवरून आले त्याच्या पुढच्या होळीला बाबा तांड्यात आले. म्हणाले, "सोमला, इंग्रजाचा कोट कायले घालतं? टाक होळीत." बापूंनी कोट काढला आणि स्वतःच्या हातानं टाकला. मग बाबा म्हणाले, "आन् ते पुस्तक?" बापू म्हणाले, "दादा, त्याच्यात मायं नाव हाये." बाबा म्हणाले, "नाव तुह्यं, पण लिहिलं कोणं? इंग्रजानं. आता आपलं राज्य येऊन राह्यलं. आपलं राज्य तुह्यं नाव सोन्यानं लिहीन." आणि बापूंच्या हातातून पुस्तक घेऊन होळीत टाकलं. लोकांनी जयजयकार केला. बापूंच्या गळ्यात हार घातला.

मी हे पाहिलेलं नाही, तेव्हा माझा जन्म नव्हता. पण मी हे किमान पन्नास वेळा ऐकलं. कारण बाबा दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून हे सांगायचे. मोठ्या अभिमानानं सांगायचे. सोमलाबापू समोर मांडी घालून ऐकायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी विचारलं, "बापू, तुमाले राग नाही येत का?" तर हसले. म्हणाले, "येडा हायेस का केशव? तुह्या बापानं सांगतलं तवाच तर लोकायले कळते का सोमला लढाईवर गेलता. नाही तर कोण म्हणते?"

ऐकलंत? ज्यानं पुरावा जाळला त्याची गोष्ट, तोच ह्या माणसाचा पुरावा होता. बाबा वारले आणि तोही पुरावा गेला.

पुढं कोणीतरी सांगितलं की त्या लढाईत गेलेल्यांना सरकार मानधन देतं, त्यांच्या मागं बायकोलाही देतं. आम्ही दोघं यवतमाळला गेलो. बापू पंचाण्णवच्या पुढं, मी सत्तरीच्या पुढं. साहेब, तेव्हा तुम्ही नव्हतात, दुसरे होते. त्यांनी विचारलं, "बाबा, बंदूक चालवली का?" बापू म्हणाले, "नाही साहेब, खेचर चालोलं. पण बंदुकीतली गोळी मीच नेऊन देत होतो." सगळे हसले. मग विचारलं, "पुस्तक कुठाय?"

"जळलं."

"कसं जळलं?"

बापूंनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. खोटं कशाला बोलू, मी कॅलेंडरकडं पाहिलं. बापू म्हणाले, "छपराले आग लागलती साहेब. वारा लय होता."

त्यांनी माझ्या बापाचं नाव वाचवलं. आणि मी वाचवू दिलं.

मग आगीचा पंचनामा आणा. आता इतक्या वर्षांपूर्वीच्या न लागलेल्या आगीचा पंचनामा कुठून आणायचा? पोलिस पाटलाकडं जा. तलाठ्याकडं जा. तलाठी म्हणे, तेव्हाचं दप्तरच नाही. सहा चकरा झाल्या. प्रत्येक वेळी नवा कागद, आणि तो आणला की म्हणायचे, हा नाही, तो. मी इतका चिडलो होतो की एकदा ऑफिसच्या पायरीवर चप्पल काढून बसलो आणि म्हटलं, आता इथंच मरतो. बापूंनीच मला उठवलं. "चाल," म्हणाले, "तू मेला तर तुह्या पंचनाम्याले मले यावं लागन."

शेवटी त्या साहेबांनीच मार्ग सांगितला. म्हणाले, फौजेच्या जुन्या नोंदीत शोधायला आम्ही लिहितो. पण पुस्तक कसं गेलं ते गावातल्या कोणी माहीतगारानं शपथेवर खरं खरं लिहून द्यावं. एक कागद. एक सही.

माहीतगार मी. दुसरा कोण?

आणि मी दिलं नाही. आधी म्हटलं, पेरणी होऊ द्या. मग म्हटलं, कापूस निघू द्या. मग गुडघा दुखत होता. गुडघा खरंच दुखत होता, पण दिग्रसला लग्नाला गेलोच ना मी? मला भीती वाटत होती. वाटायचं, शाळेचं फाटक आहे, ताम्रपट आहे, लोक काय म्हणतील. दौलतदादानं गरिबाचा कागद जाळला म्हणतील. घरात पोरं म्हणत, "बाबा, आजाचं नाव कायले खराब करता?" बापू भेटले की एवढंच विचारायचे, "केशव, दिग्रसले कधी जातं?" गेल्या पोळ्यानंतर तेही विचारणं सोडलं. त्यांनी विचारणं सोडलं तेव्हा मला बरं वाटलं. अशी माणसाची जात.

साहेब, आता तुम्हाला बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही आज मोठा हार घेऊन आलात. त्यावर पट्टी आहे, "माजी सैनिकास भावपूर्ण आदरांजली". ती मी दोनदा वाचली. तुमच्याच ऑफिसचं पत्र माझ्या पिशवीत आहे, त्यात लिहिलंय की अर्जदार सैनिक असल्याचे सिद्ध होत नाही. मग हार कोणाला घातला? जिवंतपणी सिद्ध होत नव्हतं, ते बारा दिवसांत सिद्ध झालं का? तुमची चूक नसेल. चूक कोणाचीच नसते. म्हणूनच तर माणूस मरेस्तोवर काही होत नाही.

ह्या पुढं बसल्यात त्या झमकीबाई, बापूंच्या बायको. सगळा तांडा त्यांना याडी म्हणतो, म्हणजे आई. नव्वदीच्या आहेत. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर रडल्या नाहीत. मला विचारलं, "केशव, माणूस गेल्यावर तो कागद चालते का रे?" मी म्हटलं, "चालते याडी. तुमाले पैसेही भेटतीन." तर म्हणाल्या, "पैसे घाल चुलीत. ग्रामपंचायतीत फौजवाल्याइची पाटी हाये. तिच्यावर पाच नावं हायेत. याह्यचं सहावं पाह्यजे. मी आंधळी व्हायच्या आत पाह्यजे." सरपंचताई म्हणतात, ऑफिसचं पत्र आलं की दुसऱ्या दिवशी नाव लिहितो. म्हणजे सगळं त्या एका पत्रावर अडलंय.

तर हा तो कागद. आज सकाळी केला. सगळा वाचत नाही, दोनच ओळी वाचतो. "माझे वडील दौलत यांनी सोमला यांचे फौजेचे पुस्तक होळीत टाकून जाळले. ही गोष्ट त्यांनी माझ्यासमोर व गावासमोर अनेक वेळा सांगितली व ती मी शपथेवर खरी सांगतो." खाली माझी सही आहे. अक्षर वाकडं आलंय, पण माझंच आहे.

बाबांना मी वाईट म्हणत नाही. तुरुंगात त्यांनीही हाल काढले. पण त्यांनी एका माणसाला शब्द दिला होता, की आपलं राज्य तुझं नाव लिहील. बापाचा शब्द पोरानं पुरा करायचा असतो, एवढं सातवी नापासालाही कळतं.

साहेब, हा घ्या. दुसऱ्या प्रतीवर पोच द्या, तारीख घाला. मी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही असं नाही, पण चकरा मारून मला तशी सवय लागली. उत्तर तांड्याच्या पत्त्यावर पाठवू नका, तिथं टपाल आठ-आठ दिवस पोचत नाही. माझ्या घरी पाठवा. मी ते वाचून याडीला सांगीन. अजून काही कागद लागत असेल तर तोही आत्ताच सांगा, महिन्यानं सांगू नका.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहू. याडी, तुम्ही बसून राहा. साहेब, तुम्हीही उभे राहा. कोणासाठी उभे राहिलात, तेवढंच पत्रात लिहा. आणि लवकर कळवा.