कोरडी काडी

मंडळी,

माझं नाव पुकारलं तेव्हा मागच्या बाकांवर दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं. मला दिसलं ते. हा काय बोलणार सरांच्या शोकसभेत, असं वाटलं असेल. वाटणारच. पण मी काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, विचारून उठलोय. त्या म्हणाल्या, "बोल. पण मोठ्याने बोल, पुटपुटलेलं त्यांना चालायचं नाही." म्हणून मोठ्याने बोलायचा प्रयत्न करतोय. लिहून आणलंय, कारण तोंडी बोललो तर मी मधेच पळवाट काढीन. मला ती सवय आहे.

मी अर्नाळ्याचा. आखातात जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात कामाला आहे, महिन्याच्या सुट्टीवर आलोय. शिक्षण नववी, तीही अर्धी. याच शाळेतली. गावडे सर आम्हाला इंग्रजीला होते.

गावडे सरांनी कोळ्याच्या पोराचा भर वर्गात अपमान केला आणि पोराने शाळा सोडली, ही गोष्ट इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. ते पोर मी.

ती गोष्ट मला आज पुन्हा सांगायची आहे.

सर फुलपाड्याला राहायचे. तिथून पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन बसने यायचे. दर शुक्रवारी शेवटचा तास गोष्टीचा. पुस्तकातला धडा नाही, परीक्षेला नाही. सर स्वतः इंग्रजी गोष्ट स्टेन्सिलवर लिहायचे, सायक्लोस्टाइल करायचे आणि दोघांत एक कागद द्यायचे. त्या जांभळ्या शाईला वास असायचा. आम्ही आधी कागद हुंगायचो, मग वाचायचो.

वाचून झालं की सर विचारायचे, ही गोष्ट कोण सांगतंय? आणि आपण त्याचं का ऐकायचं? आपण काहीही उत्तर दिलं तरी पुढचे दोन शब्द ठरलेले. ओळ दाखव.

नितीन, तू समोर बसलायस. तू एकदा म्हणालास, "सर, हा माणूस लबाड आहे." सर म्हणाले, ओळ दाखव. तू म्हणालास, "तोंडावरनंच वाटतो, सर." सर म्हणाले, "तोंड कुठाय त्याचं? कागद आहे हा." नंतर मैदानावर कोणी आऊट म्हटलं की बॅट्समन क्रीझ सोडायचा नाही. ओळ दाखव म्हणायचा.

एका शुक्रवारी नावाड्याची गोष्ट होती. दोन भाऊ नदीवर नाव चालवतात. धाकटा बुडतो. मोठा ही हकीकत एका वाटसरूला सांगतो. तो म्हणतो, मी लगेच उडी मारली, तळापर्यंत गेलो, भाऊ हाताला लागला नाही. मग तसाच काठावर येऊन बसलो, खिशातली काडी ओढली, पाइप पेटवला आणि उजाडायची वाट बघत राहिलो.

मुली तर रडायच्या बेतात. सरांनी विचारलं, कसा आहे हा नावाडी? सगळे म्हणाले, बिचारा.

मी शेवटच्या बाकावर. इंग्रजीत मला कधी पस्तीस पडले नाहीत. पण माझा बाप समुद्रावर जायचा. काडेपेटी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून न्यायचा, तरी परत येईतो ती ओली. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "सर, काडी पेटली कशी?"

सरांनी खडू खाली ठेवला. ओळ दाखव, म्हणाले. मी उठलो. वाचता धड येत नव्हतं, पण बोट ठेवलं. इथे उडी. इथे खिसा. इथे काडी.

सर म्हणाले, "इतकी वर्षं ही गोष्ट शिकवतोय. ही काडी मला सांगणारा तू पहिला. समुद्रावरचं पोर लागलं तिला बघायला."

समुद्रावरचं पोर. हे शब्द लक्षात ठेवा, मंडळी.

पुढच्या आठवड्यात सरांचा घसा बसला. साधा नाही, पार बसला. बुधवारपासून आवाजच नाही. सगळं फळ्यावर लिहायचे, खिशातली खडीसाखर तोंडात टाकायचे. आम्ही म्हणायचो, सायलेंट पिक्चर लागलाय. शुक्रवारी गोष्टीचा तास आला. सरांनी फळ्यावर माझं नाव लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. त्यांच्याऐवजी मी वाचायचं.

मी वाचलं. दर ओळीला अडखळलो. पोरं हसली. सर माझ्या बाजूला उभे राहिले आणि एकेका शब्दाखाली बोट फिरवत राहिले. पूर्ण पान वाचून घेतलं. शेवटी खिशातून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

त्या दिवशी सरांचा आवाज मी होतो.

आणि त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन आईला सांगितलं, की सर भर वर्गात मला ओरडले. म्हणाले, कोळ्याच्या पोराला इंग्रजी कशाला, घरी बस आणि जाळी विण.

का सांगितलं? मामाची बोट वेरावळला होती. खलाशी कमी पडत होता. मला जायचं होतं. वर्गात बसलं की माझे पाय शिवशिवायचे, अजून शिवशिवतात, कुठेही दोन वर्षांवर टिकत नाही मी. पण आईची शपथ होती. दहावी झाल्याशिवाय बोटीवर पाय ठेवायचा नाही. अभ्यास जमत नाही म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं. नापास झालो असतो तर परत बसवलं असतं. एकच गोष्ट होती जी माझी आई सहन करणार नाही. मी ती शोधली.

दुसऱ्या दिवशी आई मासळीची पाटी कमरेवर घेऊन शाळेत आली. मी गेटाबाहेर भिंतीच्या आडोशाला होतो. तिचा आवाज रस्त्यावर येत होता. "कोन बोलला माज्या पोराला? भायेर ये. म्हावरा खाताना कोली चालतो, आन् शालेत नाय चालत?"

सर व्हरांड्यात आले. तोंड उघडलं. नुसती हवा आली. घशाकडे हात नेला, पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी आईला हात जोडले.

आई सगळ्यांकडे वळून म्हणाली, "बगा. बोलायला तोंड नाय त्याला."

त्या वेळी सरांची नजर भिंतीवरून माझ्यावर आली. मी दिसलो त्यांना. मी खाली बसलो.

रविवारी मी वेरावळच्या वाटेला लागलो. पुढचं मला नितीनने फार नंतर सांगितलं. शाळेने तो तास बंद केला. पुस्तकाबाहेरचं काही शिकवायचं नाही. सर रिटायर होईपर्यंत मग नुसतं व्याकरण आणि प्रश्नोत्तरं. जांभळे कागद फुलपाड्याच्या घरी माळ्यावर गेले. काकू म्हणतात, अजून तिथेच आहेत. माझ्यानंतर जितकी पोरं या शाळेतून गेली, त्यांच्यातल्या एकालाही कोणी म्हटलं नाही, ओळ दाखव.

चार वर्षांनी सर मला आगाशीच्या बस स्टँडवर भेटले. मी दाढी ठेवली होती, तरी ओळखलं. घरचं विचारलं, कामाचं विचारलं. बस आली. पायरीवर चढून मागे वळले आणि म्हणाले, "काय रे, काडी पेटते का अजून?" मी हसलो. मला वाटलं, जुनी आठवण काढली. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

सरांनी माझ्या गोष्टीतली काडी केव्हाच बघितली होती. घसा बसलेला माणूस ओरडला कसा?

यार्डात एकाचा हात मशीनमध्ये गेला. फोरमनने इंग्रजी कागद आणला, सगळ्यांनी सह्या करा. लिहिलं होतं, हातमोजे दिले होते, याने घातले नाहीत. बाकीच्यांनी सह्या केल्या. मी बोट ठेवून वाचत गेलो. खालच्या यादीत त्याला काय काय सामान दिलं ते होतं. टोपी होती, बूट होते. हातमोजे नव्हते. मी फोरमनला म्हणालो, मोजे दिल्याची ओळ दाखवा. मला लगेच गंज काढायच्या कामावर टाकलं. त्या दिवशी माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. मग गंज घासता घासता मागून कोणी बोलल्यासारखं वाटलं. आणि तुझी ओळ?

तेव्हापासून हा आवाज जात नाही. माझा बाप गेला, त्याचा आवाज मला आता आठवत नाही. सरांचा येतो. सरळ बोललेला नाही, बसलेल्या घशाचा. नुसती हवा.

या सुट्टीत ठरवून आलो होतो. पंधरा दिवसांपूर्वी फुलपाड्याला गेलो. तिसऱ्या मजल्यावर चढलो. दाराबाहेर सरांच्या चपला होत्या, म्हणजे सर घरात होते. आतून खोकल्याचा आवाज आला. मी बेलवर बोट ठेवलं, दाबलं नाही. खाली उतरलो. मनात म्हटलं, रविवारी येईन. सर मंगळवारी गेले.

आता तुम्ही विचाराल, याचं तरी का ऐकायचं? तेव्हा खोटं बोलला, आज खरं कशावरून? विचारा. हेच सरांनी शिकवलंय. तेव्हा कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी एक गोष्ट सांगितली आणि सगळ्या गावाने ऐकली. शाळेनेसुद्धा. सांगणारा सांगतोय, म्हणून खरी.

मी ओळ दाखवतो. नववी ब मधले जे कोणी इथे आहेत, त्या शुक्रवारी ज्यांनी मला वाचताना ऐकलं, हसले, त्यांनी हात वर करा.

नितीन. तू कर.

हां. अजून?

बास. सहा हात आहेत. राहू द्या थोडा वेळ वर. काकू, बघून घ्या.

या सहा जणांना मी काही म्हणत नाही. चौदा वर्षांची पोरं होतो. पण तुम्हाला माहीत होतं. मला माहीत होतं. सरांना माहीत होतं, की आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. तेवढं धरून ते रोज याच वर्गात येत राहिले.

करा खाली.

आई, तू शेवटच्या रांगेत बसलीयेस. तुला मी घरून खोटं सांगूनच आणलं, सरांच्या सभेला जाऊ, माफ करून टाक म्हणालो. माफ करायचं काही नव्हतं, आई. विरारच्या बाजारात काकू तुझ्या ओट्याशी आल्या की तू पाटीवर फडकं टाकायचीस. "तुमच्यासाठी नाय," म्हणायचीस. त्या काही न बोलता पुढच्या बाईकडे जायच्या. ते फडकं मी टाकलेलं होतं. तू उठून जाऊ नकोस. बस. काकू पुढे आहेत, सभा संपली की तुम्ही दोघी काय ते बोला, किंवा बोलू नका.

सर, मी उडी मारली नव्हती. काठावरच होतो. माझे कपडे कोरडे होते.

एवढंच सांगायचं होतं. बेल न दाबता उतरलो, म्हणून इथे सांगावं लागलं.

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. त्या शनिवारी सर या व्हरांड्यात हात जोडून उभे होते आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तसेच उभे राहू. त्यांच्यासारखे, हात जोडून.