युगांडाची गोष्ट ताई कापसापासून सांगायची

मंडळी, नमस्कार.

ताईच्या शोकसभेला तुम्ही आलात. करोल बागेतून मेट्रो बदलत आलात, सरोजिनी नगरच्या जुन्या शेजारणी आल्या, कँटोन्मेंटमधून दोन कुटुंबं आली. ताईच्या कॉलेजातल्या विद्यार्थिनी आल्या, ज्यांच्या मुली आता कॉलेजात आहेत. या सोसायटीतले लोकही आलेत, काही पुढच्या रांगेत, काही मागे दाराजवळ उभे. मी सुधाकर, वसुधाताईचा धाकटा भाऊ. आयुष्यभर सरकारी नोकरीत फायलींवर दोन-दोन ओळी लिहिल्या. चारचौघांत उभं राहून बोलायचं काम आमच्या घरी ताईचं. त्यामुळे मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

मघाशी आत येताना सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानंच म्हणाले, "भाईसाहब, आज बस अच्छी-अच्छी बातें कीजिएगा." मी हो म्हणालो. चांगल्याच गोष्टी सांगणार आहे. फक्त त्या सगळ्यांना गोड वाटतील याची हमी देत नाही. आणि मराठीत बोलतो, कारण ताईबद्दल मला दुसऱ्या भाषेत बोलताच येत नाही. हिंदीवाल्या शेजाऱ्यांना बाजूचे समजावतील.

आम्ही दोघं जन्मलो युगांडात. जिंजा नावाचं गाव आहे, तिथे मोठ्या तळ्यातून नाईल नदी निघते. बाबा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये हिशेबनीस होते. गावाचे तीन थर होते. तळ्याच्या काठावर, झाडांच्या सावलीत गोऱ्यांचे बंगले. मधल्या रस्त्यांवर आम्ही, म्हणजे हिंदी माणसं, आमची दुकानं, आमची देवळं, आमच्या शाळा. आणि त्यापलीकडे, जिथे डांबर संपायचं, तिथे ज्यांचा तो देश होता ती माणसं. स्वातंत्र्य आलं, झेंडा बदलला, पण गावाचे थर बरेचसे होते तसेच राहिले.

आमच्या घरी वाइस्वा नावाचे गृहस्थ कामाला होते. स्वयंपाकघर, बाग, आमचं शाळेत जाणं-येणं, सगळं तेच बघायचे. केस पिकलेले. पण त्यांना सगळे 'बॉय' म्हणायचे. गोरे म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. 'बॉय, पाणी आण.' ताई दहा-अकरा वर्षांची असेल. जेवताना तिनं विचारलं, "बाबा, वाइस्वांना आपण बॉय का म्हणतो? त्यांना नातवंडं आहेत."

बाबा म्हणाले, "सगळेच म्हणतात."

"सगळेच म्हणजे कोण? वाइस्वा म्हणतात का?"

आई म्हणाली, जेव गुपचूप. हा प्रसंग मला आठवत नाही, मी तेव्हा तान्हा होतो. पण आईनं तो इतक्यांदा सांगितला, इतक्या वैतागानं सांगितला, की मला तो पाहिल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवसापासून ताई त्यांना वाइस्वाकाका म्हणू लागली. शेजारच्या बायका हसल्या. हसू देत, म्हणाली.

पुढे काय झालं ते तुम्हाला ऐकून माहीत आहे. लष्करप्रमुखानं सत्ता घेतली. आधीच्या सरकारला लोक कंटाळले होते, त्यामुळे रस्त्यावर नाच झाला. आमच्या गल्लीतही मिठाई वाटली, हे विसरायचं नाही, असं ताई दरवेळी बजावायची. वर्ष-दीड वर्षात त्याच माणसानं रेडिओवर सांगितलं की हिंदी लोकांनी तीन महिन्यांत देश सोडावा. कोणाकडे ब्रिटिश पासपोर्ट, कोणाकडे भारताचा, कोणाकडे युगांडाचाच, तोही एका शिक्क्यानं रद्द. आमचा भारताचा होता. ताई सतरा वर्षांची, मी आठ.

विमानतळाच्या रस्त्यावर सैनिकांच्या चौक्या होत्या. वाइस्वाकाका गाडीत आमच्याबरोबर बसले. बाबा नको म्हणत होते. काका म्हणाले, तुम्हाला सैनिकांशी बोलता येणार नाही, मला येईल. एका चौकीवर पेट्या उघडल्या, आईच्या अंगावरचं सोनं काढून घेतलं. ते गेलं तर गेलं. मग एका सैनिकानं ताईचा दंड धरला आणि तिला झाडीकडे ओढायला लागला. बाबा जागचे हलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या छातीवर बंदूक होती. वाइस्वाकाका गाडीतून उतरले आणि ताईच्या आणि त्या सैनिकाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. हळू आवाजात बोलत होते, मला एवढंच कळलं की ते 'माझी माणसं' म्हणत होते. सैनिकानं बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर मारला. ते पडले, उठले, परत तिथेच उभे राहिले. दुसऱ्या सैनिकाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं हात हलवून गाडी सोडली. काका रक्तानं भरलेले, तरी विमानतळापर्यंत आले. आम्ही विमानात बसलो.

आणि ते? ते कुठे बसणार होते?

दिल्लीत आमच्या सख्ख्या काकांच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही आलो. दोन खोल्यांत दोन कुटुंबं. ताई शिकली, इतिहासाची प्राध्यापिका झाली, आणि आयुष्यभर पूर्व आफ्रिकेचा इतिहास शिकवला. आपल्या मंडळांतून तिला बोलावणी यायची. विषय ठरलेला: 'हाकलून दिलेल्यांची कहाणी'. लोकांना रेडिओवरची घोषणा, चौक्या, रडारड ऐकायची असायची. आणि ही बाई कापसापासून सुरू करायची.

गोऱ्यांनी त्या लोकांना कापूस लावायला लावला, सांगायची. कापूस पिकवायचा त्यांनी, पण त्यातली सरकी काढायच्या मिलचा परवाना त्यांना नाही. परवाना गोऱ्यांना, आणि आपल्या लोकांना. भाव ठरवणार तो गोरा, तराजू हातात धरणार तो आपला. शेतकरी रागावणार कोणावर? जो समोर दिसतो त्याच्यावर. गोरा तळ्याकाठच्या बंगल्यात होता, आपण दुकानात होतो. राज्य करायची ही युक्ती होती, आणि आपण तिच्यात फायद्यानं उभे होतो. आम्हाला हाकललं ते क्रूर होतं, अन्याय होता, माझा त्यात बळी गेला असता. पण गोष्ट त्या दिवसापासून सुरू झाली असं मला सांगता येणार नाही, म्हणायची.

एकदा करोल बागेत गणपतीत तिचं भाषण होतं. पुढच्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ उठले. म्हणाले, "ताई, त्यांनी आपल्याला लाथ मारून काढलं आणि तुम्ही त्यांचीच बाजू घेता?"

ताई म्हणाली, "बाजू नाही घेत. सुरुवातीपासून सांगतेय. 'त्यांनी' म्हणजे कोणी, तेवढं सांगा. ज्यानं माझा दंड धरला तो त्यांच्यातलाच. जो मध्ये उभा राहिला तोही त्यांच्यातलाच."

गृहस्थ खाली बसले. पुढच्या वर्षी मंडळानं तिला बोलावलं नाही. ती म्हणाली, बरं झालं, मोदक घरी करू.

तो लष्करशहा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ताई एकटी जिंजाला गेली. खूप शोधून वाइस्वाकाकांच्या मुलीच्या घरी पोचली. मुलगी कसली, तीही आता म्हातारी. तिनं सांगितलं की आम्ही गेलो त्याच्या पुढच्या वर्षी जीप आली. कोणीतरी सांगितलं होतं, हा सैनिकांना उलट बोलतो. काकांना घेऊन गेले. नंतर काही कळलं नाही. प्रेतही मिळालं नाही.

मंडळी, आम्ही घर गमावलं, ते आम्ही जगभर सांगितलं. त्या देशात त्या राजवटीत जी माणसं मारली गेली ती जवळजवळ सगळी तिथलीच होती. त्यांच्यासाठी विमानं नव्हती. ते आम्ही किती वेळा सांगितलं?

त्या मुलीनं ताईला केळ्यांचं कालवण वाढलं आणि विचारलं, इतक्या लांबून का आलात? ताई म्हणाली, "तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव मला माहीत नाही, ते विचारायला आले." मुलीनं ते सांगितलं, आणि वर म्हणाली, वाइस्वा म्हणजे जुळ्यांतला थोरला. आमच्या घरात इतकी वर्षं राबलेल्या माणसाला एक जुळा भाऊ होता आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. ताई परत आली तेव्हा पहिल्यांदा मी तिला हुंदके देऊन रडताना पाहिलं.

आता इथलं. या गुरुग्रामच्या सोसायटीतलं.

निवृत्त झाल्यावर ताईनं हा फ्लॅट घेतला. दोन वर्षांपूर्वी तिनं एक खोली ग्रेसला दिली. ग्रेस ती, खिडकीपाशी बसलीय. युगांडाची आहे, इथे फार्मसी शिकते. पहिल्या आठवड्यातच गेटवर तिला अडवायला सुरुवात झाली. तिची पिशवी उघडायची, आमची नाही. लिफ्टमध्ये ती शिरली की लोक बाहेर यायचे. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं, ते मी या जागी उभा राहून उच्चारणार नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना आठवत असेल.

मग याच हॉलमध्ये मीटिंग झाली. मी होतो. एक साहेब म्हणाले, "मॅडम, इन लोगों से माहौल ख़राब होता है. आप अकेली रहती हैं, हम आप ही की सेफ्टी के लिए कह रहे हैं."

ताई गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. म्हणाली, "मैं उसी देश में पैदा हुई हूँ जहाँ की ये लड़की है. वहाँ हमारे बारे में भी बिल्कुल यही कहा गया था, कि इन लोगों से माहौल ख़राब होता है. हमें तीन महीने दिए थे. आप ग्रेस को कितने दे रहे हैं?"

कोणीतरी म्हणालं, मॅडम इमोशनल हो रही हैं. ती म्हणाली, "इमोशनल नहीं, मैं हिस्ट्री पढ़ा रही हूँ. फ़ीस नहीं लूँगी."

ठराव तरीही झाला, की ग्रेसला गेटमधून आत सोडायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून ताई संध्याकाळी खाली यायची, गेटपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची. ग्रेस कॉलेजातून आली की तिचा हात धरून, गार्डच्या समोरून, आत घेऊन जायची. गार्ड बिचारा मान खाली घालायचा. उन्हाळा होता, लूचा भाजणारा वारा वाहत होता. मी म्हणालो, ताई, तुझं हृदय आधीच अधू आहे, मी बसतो. म्हणाली, "तू बसलास तर ते तुझ्याशी वाद घालतील. माझ्याशी घालायला त्यांना लाज वाटते. वाटू दे."

मग एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या कौर आंटी स्वतःची खुर्ची घेऊन खाली आल्या. बोलल्या काही नाहीत, विणकाम काढून बसल्या. त्यांचे सासरे फाळणीत पलीकडून आले होते, हे आम्हाला नंतर कळलं. मग ताईच्या मजल्यावरची नायर मंडळी आली. मग कॅप्टनसाहेबांची बायको. गेटवर चहा यायला लागला. ठराव कागदावर आजही आहे, मंडळी. पण तो पाळणारा कोणी उरला नाही.

ताई गेली त्या दुपारी ग्रेसच तिच्याजवळ होती. हॉस्पिटलला नेताना टॅक्सीत तिनंच ताईचं डोकं मांडीवर घेतलं. तिनंच मला फोन केला, "मामा, जल्दी आइए." मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. ग्रेस कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती. ताईची चप्पल तिनं छातीशी धरली होती.

आता एक शेवटचं, आणि हे मला हिंदीतही सांगावं लागेल. परवा, सुतक संपायच्या आतच, दोघा सज्जनांनी मला जिन्यात गाठलं. सहानुभूती दाखवली. मग हळूच विचारलं, अब तो वो लड़की चली जाएगी ना?

नहीं. नहीं जाएगी.

फ्लॅट आता माझ्या नावावर होईल. ग्रेस शिक्षण संपेपर्यंत तिथेच राहील. पुढच्या महिन्यापासून तिच्या वर्गातल्या आणखी दोन मुली येतायत, एक टांझानियाची, एक मणिपूरची. मी स्वतः सरोजिनी नगरजवळची भाड्याची जागा सोडून त्याच फ्लॅटच्या बाहेरच्या छोट्या खोलीत राहायला येतोय. ज्यांना तक्रार करायची असेल त्यांनी बेल वाजवावी. चहा देईन. आल्याचा देईन. पण उत्तर बदलणार नाही. ताईचा मी भाऊ आहे, आणि मला भाषण येत नाही, पण दारात उभं राहता येतं.

आता आपण उभे राहू. ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही त्यांनी बसूनच. ताईला गप्प बसणं कधी जमलं नाही, तेव्हा थोडा वेळ तिच्या वतीनं आपणच गप्प राहू. ज्यांचं तिच्याशी भांडण होतं त्यांनीही. ग्रेस, बेटा, तू इधर आगे आ जा, मेरे पास.

ताई, नमस्कार करतो.