एक्केचाळीसपैकी चार

नाही नाही, ताई, तुम्ही बसा आधी — कुणी उभं राहिलं की मला घाई होते, आणि घाई झाली की माझ्या हातून काय होतं ते — ते जाऊ दे. बसा. तर तुम्ही म्हणता, कॉम्प्युटर चालता चालता — सूचना नाही, निळा पडदा नाही, फुंकर मारल्यासारखा एकदम बंद. आणि कधी? वाचन रेकॉर्ड करताना नाही. रेकॉर्डिंगला तीन-तीन तास बिनतक्रार चालतो. आवाज साफ करायचं ते सॉफ्टवेअर लावलं की पाच मिनिटांत गप्प. बघा, अर्धं निदान तुम्हीच केलंत. नाहीतर लोक येतात नि नुसतं सांगतात, चालत नाही. अहो, काय करताना चालत नाही? मी काय ज्योतिषी आहे?

हात लावून बघा — गरम आहे? नाही. पंखा फिरतोय. रॅम काढून, पुसून परत बसवली, ती ठणठणीत. मग उरलं काय? हा पत्र्याचा डबा. सप्लाय. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या सगळ्यांना वाटून द्यायची, एवढंच याचं काम. उचला जरा. उचला हो, चावत नाही. कसा हलका लागतो? आणि लेबल काय म्हणतंय — पाचशे वॅट. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. अडीचशे निघाले तरी नशीब समजा. त्यात तुमच्या भाच्यानं गेम खेळायला हे एवढं थोरलं ग्राफिक्स कार्ड बसवून ठेवलंय. साधं काम चालू असतं तोवर कार्ड झोपलेलं, सगळं गोडीगुलाबीचं. आवाज साफ करायला घेतला की ते जागं होतं, भसाभसा वीज मागतं, आणि हा डबा हात वर करतो — सगळंच बंद. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, ते मशीनलासुद्धा लागू आहे.

आता मी माझा खात्रीचा सप्लाय जोडलाय. पंचवीस मिनिटं झाली, तुमचं तेच सॉफ्टवेअर चालू आहे. पडला बंद? नाही पडणार.

गेल्या वेळी? हो... गेल्या वेळीही हेच असणार. दुसरं काय. मी ज्यांच्याकडे शिकलो ते उस्ताद म्हणायचे, आधी सप्लाय, मग बाकीचं. पण सप्लाय तपासायचा म्हणजे असं समोर ठाण मांडून बसावं लागतं, तास-दोन तास. फॉरमॅटचं, म्हणजे डिस्क पुसून कोरी करायचं, तसं नाही — बटण दाबलं की तो आपला आपण चालतो, आपण दुसरं मशीन उघडायला मोकळे. आमच्या धंद्याची सवयच ती, काही का होईना, फॉरमॅट मारा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आणि वर चार महिने चाललं की मग. का चाललं? फॉरमॅटमध्ये भाच्याचे गेम गेले, तुमचं ते सॉफ्टवेअरही गेलं, कार्डाला जागं करायला कुणी उरलंच नाही. परवा तुम्ही ते परत टाकलंत, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी मात्र चार महिने समजत होतो की मी दुरुस्त केलं.

हो, पावतीवर तुम्ही लिहिलं होतं, 'आतलं सगळं ठेवा'. आठवतंय मला. पण तेव्हाच सांगितलं ना मी — डिस्क आली तीच रिकामी. व्हायरस. आता व्हायरसपुढे कुणाचं काय — असं बघू नका हो. भावाची परीक्षा पुढच्या महिन्यात ना? गेल्या खेपेची बुडली, हां, म्हणालात मघाशी. एक्केचाळीस धडे पुन्हा वाचायचे म्हणजे खायचं काम नाही, आणि त्याला दिसत नाही म्हटल्यावर आकृत्यासुद्धा तोंडानं सांगायच्या. कितवा आलाय? सव्विसावा. होतील, होतील. फक्त एक सांगू का, राग मानू नका — आता फार घाईत वाचता तुम्ही. हे बघा ना, आत्ता चालू आहे तोच धडा, कसा धापा टाकत चाललाय. पहिल्या वेळी किती सावकाश वाचलं होतंत. भिंगाची आकृती सांगताना तर — 'बोट वर ने, आता डावीकडे, थांब हं धाकट्या, ठसका लागला, पाणी पिते' — आणि मग तो पेला ठेवल्याचा आवाज —

पंखा जरा जास्तच वाजतोय, नाही?

नाही. बरोबर आहे. तुम्ही मला ते कधी ऐकवलं नव्हतं.

ताई, डिस्क रिकामी नव्हती. सगळं होतं. 'धाकट्यासाठी' म्हणून फोल्डर होतं. मी बघितलंही, म्हटलं आधी दुसरीकडे उतरवून घेऊ — तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी बोलत बसलो, आणि परत वळलो तो उतरवून झालंय असं समजून फॉरमॅटचं बटण दाबलं. मग आठ दिवस मशीन ठेवून घेतलं ना मी, पार्ट यायचाय म्हणून — कसला पार्ट अन् कसलं काय. आठ दिवस ती डिस्क खरवडत होतो. चार निघाले. एक्केचाळीसपैकी चार. चार महिने या खणात आहेत, या पेनड्राइव्हवर. दिले असते तर बाकीचे कुठे गेले ते सांगावं लागलं असतं, म्हणून दिले नाहीत. रोज दुकान उघडलं की खण उघडतो, तो दिसतो, खण लावून टाकतो. कधी लावून ऐकतो. मला लाज वाटते, ताई. त्याची परीक्षा व्हायरसनं नाही बुडवली, मी बुडवली.

घ्या हा. भिंगाचा यात आहे. आणि सप्लाय राहू दे तिथंच, तसाच घेऊन जा. निदान तेवढे चार तरी पुन्हा वाचायला नकोत —

फोन कुणाला लावताय? त्याला? नको. नको ना, ताई, तुम्ही सांगा त्याला, तुमच्या पद्धतीनं सांगा. मला तो ओळखतसुद्धा नाही. हवं तर मी लिहून देतो, सही करून, सगळं — हो. खरंय. लिहून त्याला काय उपयोग. पण आत्ता कशाला, घरी गेल्यावर — वाजतोय? अहो, माझ्या हातात कशाला —

हॅलो. नाही, ताई नाहीत — आहेत, इथेच आहेत, बऱ्या आहेत, काळजी नको. मी कॉम्प्युटरवाला बोलतोय. तुमचे ते धडे — काय? नाही, सापडले नाहीत — म्हणजे, चार सापडले. हो, भिंगाचा आहे त्यात. थांबा. थांबा, इतके खूश होऊ नका. आधी माझं ऐकून घ्या.