पऱ्हाटीचा पहिला प्रश्न

(हिंगणघाटजवळचं एक गाव. किसनरावांचं वेचणी संपलेलं कपाशीचं शेत; पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, अजून उभी. सकाळ. झाडं उपटायचा मीराबाईचा लोखंडी चिमटा नंदिनीनं धरून ठेवला आहे.)

मीराबाई : चिमटा सोड, नंदिनी. अर्धं वावर उपटायचं आहे अजून.

नंदिनी : आत्या, काका काय म्हणतात ते ऐक ना.

मीराबाई : ऐकलं ना बाई! वीस वर्सं झाले, या वावरातली पऱ्हाटी मी उपटतो अन् मीच घरी नेतो. आज म्हने, हात लावू नका.

किसनराव : मीराबाई, नाराज नका होऊ. तुमच्याच भाचीच्या युनिवर्सिटीची मशीन येऊन राह्यली परवा. कापते, गठ्ठे बांधते, घेऊन जाते. मी हो म्हणून बसलो.

मीराबाई : नेऊन काय करते तिचं?

नंदिनी : इथेनॉल. पेट्रोलमधी मिसळाचं. आमच्या लॅबमधी बनलं, आत्या, बाटलीभर! आपल्या देशाले बाहेरून तेल आणा लागते, ते तेवढं कमी. या भागात किती पऱ्हाटी वाया जाते तो आकडा मी काढला. सर उद्या दिल्लीले पाठवतात. पास झाला का कारखाना इथंच, अन् माही नोकरी पक्की.

मीराबाई : तुह्या बाटलीचा मले आनंद आहे, खोटं नाई सांगत. पण वाया कोणती जाते?

नंदिनी : या गावातली सगळीच. काकांनीच सांगितलं.

किसनराव : मी? तू विचारलं, घरी पऱ्हाटी लागते का. आमच्याकडे गॅस आहे, मी म्हनलं नाई लागत. बस, इतकीच बात झाली.

नंदिनी : मग तिचं पुढं काय होते...

किसनराव : ते कुठं विचारलं तू? जो उपटीन त्याची पऱ्हाटी, हा रिवाज माह्या बापापासून आहे. मले वावर मोकळं भेटते, यायच्या चुलीले जळतन.

मीराबाई : अन् मले तं काहीच नाई विचारलं. आली, चहा पेली, शेती किती म्हने. मी म्हनलं नाई. झालं, कागद झोऱ्यात.

नंदिनी : आमच्या सर्वेचा फॉर्मच तसा आहे. शेती नाही म्हटलं का पुढचे प्रश्न येतच नाहीत.

मीराबाई : बाप्पा! अन् तो चहा ज्या चुलीवर झाला, ते नाई दिसली?

नंदिनी : दिसली. दहावीचा अभ्यास त्याच चुलीपाशी केला मी.

मीराबाई : मंग?

नंदिनी : मंग काय. चुकलं माह्यं.

किसनराव : छोड ना, बेटा. एका गावानं काय फरक पडते?

नंदिनी : सत्तर गावांत हाच फॉर्म फिरला, काका. बनवला मीच. आत्या, वस्तीत चुली किती पेटतात?

मीराबाई : चाळीस तरी. सिलिंडर आहे घरोघरी, पाव्हणे आले का काढतो.

किसनराव : आकडा उतरला तं कारखाना?

नंदिनी : अडू शकते. नोकरीबी.

मीराबाई : मंग राहू दे. तू नोकरीले लाग. आमी काट्याकुट्या आणू कुठून तरी.

नंदिनी : कुठून?

मीराबाई : आणू म्हनलं ना!

नंदिनी : नाही. खोट्या आकड्यावर कारखाना बांधला तर दोन वर्षांत त्याले पऱ्हाटी पुरणार नाही. मग युनिवर्सिटीच्या कागदावर कोण भरोसा ठेवीन? खरं किती आहे ते सांगणं, हेच तर आमचं काम. थांब, सरांना फोन लावते... हॅलो, सर? नंदिनी बोलतेय. उद्या रिपोर्ट पाठवू नका. आकडा चुकलाय... हो सर, माझ्याकडूनच. सगळी गावं पुन्हा फिरते... ठाऊक आहे, सर. तरी नका पाठवू.

मीराबाई : काय म्हने साहेब?

नंदिनी : फोन ठेवून दिला त्यांनी.

किसनराव : मशीनवाल्याले मी सांगतो, परवा नको येऊ म्हणून. घ्या मीराबाई, चिमटा घ्या.

मीराबाई : राहू द्या भाऊ, घडीभर. नंदिनी, डोळे पूस. कागद आहे का झोऱ्यात?

नंदिनी : आहे.

मीराबाई : काढ मंग. माह्यापासूनच सुरू कर.

नंदिनी : शेती कि... नाही. आत्या, तुझी चूल कशावर पेटते?

मीराबाई : हां, आता विचारलं. लिव्ह, पऱ्हाटीवर.